बिघडलं तर दामूला हाक मार

मीठ कोणी बनवत नाही. खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा आणि बाजूला बसायचं. बाकीचं ऊन करतं. आपण फक्त फावड्याने ओढायचं. किस्स्यांचंही तसंच आहे. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. तीन महिने जागेवर बसून होतो, माणसं आपापला मूर्खपणा करत राहिली, आणि आता बघतो तर हा ढीग!

मी दामू, खारी गावचा. चौथी पास. पाचवीत मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. भाईंदर पूर्वेला आज जिथे नीलसागर सोसायटी उभी आहे, तिथे माझ्या बापाचं मिठागर होतं. मिठागर गेलं, बिल्डिंग आली आणि मी त्याच जागेवर पंप चालवायला राहिलो. सव्वीस वर्षं झाली. पंप, टाकी, गेट, खाडीकडच्या गटाराची झडप, सगळं माझ्या हाताखाली.

मग सेक्रेटरी मेहताशेठनी एआय आणलं.

"काका, तीन महिने ट्रायल आहे. मशीन एकटं सगळं सांभाळायला लागलं की तुम्हाला आराम!" असं शेठ माझ्या तोंडावर म्हणाले. तेही माझ्याच हातचा चहा पीत. आराम म्हणजे काय ते मला कळतं. पंपाची खोली रिकामी करा आणि घरी जाऊन बायकोची बोलणी खा.

मशीन बसवायला आली ती स्नेहल. बी विंगमध्ये राहते, आईबाप परळहून इकडे आलेले, पोरगी इंजिनीयर. मला म्हणाली, "काका, मला सगळं समजावून सांगा ना. पंप कसा, झडप कशी."

मी म्हटलं, "म्हणजे माझी तिरडी मीच बांधू?"

पोरीने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "हो काका. तसंच आहे. खोटं कशाला बोलू?"

सव्वीस वर्षांत या सोसायटीत खरं बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. म्हटलं, "बस."

तिने मला मशीन समजावलं. गेटवरचा कॅमेरा सोडला तर मशीनला डोळे नाहीत, हात नाहीत. त्याला टूल असतात. पंप सुरू करायचं एक टूल, बंद करायचं दुसरं, गेटचं तिसरं, अशी सतरा. प्रत्येक टूलवर चार ओळी लिहायच्या: हे काय आहे, कधी वापरायचं, कधी नाही. मशीन पंप बघत नाही, त्या ओळी वाचतं आणि त्याप्रमाणे करतं. ओळीत नसेल ते त्याच्यासाठी जगातच नाही.

मला वाटलं, सोपं आहे!

*

पहिल्या टूलवर स्नेहलने स्वतः लिहिलं होतं, "पंप चालू करतो." बास. तीन शब्द.

सकाळी बी विंगमधून तक्रार आली, नळाला पाणी नाही. मशीनने ओळ वाचली, पंप चालू केला. चाळीस मिनिटांत वरची टाकी भरली. मी खाली हाताची घडी घालून उभा. मला शेठनी सांगितलेलं, ट्रायल आहे, कशाला हात लावायचा नाही. नाही लावला!

तासाभराने सातव्या मजल्यावरच्या जोशीबाईंचा मशीनला फोन. "अहो, पाणी येतंय!"

मशीनचा आवाज बाईचा आहे, बातम्या सांगतात तसा थंड. म्हणालं, "पाणी येत आहे. तक्रार दूर झाली. धन्यवाद."

"अहो हॉलमध्ये येतंय!"

"हॉलमध्येही येत आहे. नोंद केली आहे."

स्नेहल धावत आली. "काका, तुम्ही बंद का नाही केलात?"

"मला हात लावू नको म्हटलंय. आणि बंद करायचं तुझ्या कागदावर कुठे आहे?"

"अहो, टाकी भरली की पंप बंद करायचा, हे कोणालाही कळतं ना!"

"कोणालाही म्हणजे कोणाला? नाव सांग."

ती तिथेच पायरीवर बसली. लॅपटॉप उघडला. म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

मग मी सांगितलं, नव्या वॉचमनला सांगतो तसंच. हा पंप खालच्या टाकीतलं पाणी वर चढवतो. आपणहून थांबत नाही. चाळीस मिनिटांनी वरची टाकी भरते, मग बंद कर, त्याचं टूल वेगळं आहे. खालची टाकी रिकामी असेल तर चालूच करू नकोस, जळेल. बिघडलं तर दामूला हाक मार.

ती शेवटची ओळ सवयीने तोंडातून गेली. सव्वीस वर्षं प्रत्येकाला तेच सांगत आलोय. पोरीने तीही टाईप केली.

*

कंपाउंडच्या बाकावर मला एक कवळी सापडली. दातांची, वरची. कोणीतरी हवा खायला बसलं असेल आणि काढून ठेवली असेल. म्हटलं, आता मशीन आहे ना, करू दे काम. मशीनला सांगितलं, "ज्याची असेल त्याला कळव."

आता मशीनकडे कळवायचं एकच टूल. त्यावर लिहिलेलं, "रहिवाशांना सूचना पाठवते." किती रहिवाशांना, कुठल्या, काही नाही!

एकशे बारा घरांत मेसेज गेला. "आपली कवळी पंपाच्या खोलीत आहे. कृपया घेऊन जावी."

पहिला आला तो तिशीतला माणूस, जिमचा बनियन घालून. म्हणाला, "अंकल, माझी कशी असेल? माझे सगळे ओरिजिनल आहेत." म्हटलं, मग आलास कशाला? तर म्हणे, "मेसेज आला ना."

मग पाच म्हातारे लायनीत उभे. मी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाची हरवलीय?" सगळ्यांचे दात तोंडात होते! एकजण म्हणाले, "बघायला काय जातंय?" दुसरे म्हणाले, "माझी जुनी झालीये, सोसायटी देतेय तर..."

मी वळून कवळी धुवायला पाणी घेतो तोवर तिसऱ्यांनी ती उचलली, तोंडात बसवली, दोनदा चावून बघितली आणि चालायला लागले.

मी ओरडलो, "अहो, तुमची आहे का ती?"

जाता जाता म्हणाले, "नाही. थोडी सैल आहे, पण चालवून घेईन!"

संध्याकाळी त्या टूलवर ओळी वाढल्या. ही सूचना सगळ्या एकशे बारा घरांत जाते. एकाचं काम असेल तर वापरू नकोस, त्याच्या घरी फोन कर. कोणाचं ते माहीत नसेल तर कोणालाच पाठवू नकोस. गोंधळ झाला तर दामूला हाक मार.

*

टँकरचं टूल शेठनी स्वतः लिहिलं. "मैं लिखता हूँ, इसमें क्या है!" असं म्हणून. त्यांनी लिहिलं, "टँकर मागवतो. किती हवं तो आकडा टाका."

महापालिकेचं पाणी एक दिवस आलं नाही. मशीनने हिशोब केला, वीस हजार लिटर लागेल. अगदी बरोबर. आकडा टाकला, वीस हजार.

नया नगरच्या अस्लमभाईचे टँकर आमच्याकडे येतात. त्याचा मला फोन. "चाचा, सब ठीक है ना?"

"ठीक है. क्यों?"

"नहीं, वो... बीस हजार टँकर का ऑर्डर आया है. खाड़ी मीठी करनी है क्या?"

मी म्हटलं, "अरे मशीनचं डोकं फिरलंय. लिटर लिहायचं तर टँकर झालं. दोन भेज, दोन!"

अस्लमभाई हळूच म्हणाला, "चाचा, अब तो निकल गए."

"कितने?"

"जितने थे."

अकरा टँकर! सोसायटीच्या गेटपासून थेट खारी गावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लाइन. रिक्षा अडकल्या, शाळेची बस अडकली, माझी बायको हंडा घेऊन बाहेर आली, तिला वाटलं गावासाठी आलेत. मेहताशेठ रस्त्यात उभे राहून दोन्ही हातांनी मागे जा, मागे जा करतायत.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मशीन. "शेठ, अकरा टँकर पोचले. उरलेले एकोणीस हजार नऊशे एकोणनव्वद कधी येतील, विचारून घेऊ का?"

नंतर मी सांगून लिहिलं. आकडा टँकरचा, लिटरचा नाही. एका टँकरमध्ये दहा हजार लिटर येतं. एकापेक्षा जास्त मागवताना थांब, आकडा मोठ्याने बोल आणि परत विचार, खरंच एवढे हवेत का. बिघडलं तर दामूला हाक मार.

स्नेहलला हे परत विचारायचं इतकं आवडलं, की तिने ते सगळ्याच टूलना लावलं. जिथे जिथे आकडा, तिथे तिथे "एवढे हवेत का?"

*

आता माझ्यावरचा किस्सा. दुसऱ्यांचे सांगायचे आणि आपला गिळायचा, हे मला जमत नाही.

गेटच्या टूलवर मी स्वतः सांगून लिहिलं होतं. ओळखीचा माणूस असेल तर उघड. नसेल तर त्या घरी फोन करून कॅमेऱ्यात दाखव आणि विचार. घरचे नाही म्हणाले तर उघडू नकोस. कितीही आरडाओरडा केला तरी उघडू नकोस. तू चोर ओळखतोस का? नाही ना? मग उघडू नकोस.

मला ते फार झकास वाटलं होतं.

मेहताशेठ नवस फेडायला तिरुपतीला गेले. एकटेच. परत आले ते डोकं तुळतुळीत, मिशी साफ, कपाळभर गंध. भर दुपारची वेळ, हातात बॅग. गेटसमोर उभे राहिले. मशीन म्हणालं, "कोण?"

"अरे मेहता! सेक्रेटरी!"

"मेहताशेठना मिशी आहे. थांबा, त्यांच्या घरी विचारते."

वर फोन गेला. शेठच्या बायकोने मोबाइलवर कॅमेरा बघितला. चष्मा पुसला, परत बघितला. आणि म्हणाल्या, "ना रे ना, हा आमचा नाही. हा कोण तरी देणगी मागतोय."

मग शेठनी जो आरडाओरडा केला! पण ओळीत काय लिहिलंय? कितीही केला तरी उघडू नकोस! मशीन म्हणालं, "तुम्ही ओरडणार हे मला आधीच सांगितलेलं आहे."

मी पंपाच्या खोलीतून बाहेर आलो, शेठना बघितलं. शेठ म्हणाले, "काका! तुम्ही तरी सांगा याला, मी कोण आहे!"

खरं सांगतो, मीही जरा वेळ घेतला.

*

शेठनी एक दिवस मशीनला हुकूम दिला, "संध्याकाळपर्यंत सगळ्या तक्रारी बंद झाल्या पाहिजेत."

तक्रारींचं एक टूल होतं, त्यावर लिहिलेलं, "तक्रार बंद करते." मशीनने ते घेतलं आणि एका मिनिटात एकसष्ट तक्रारी बंद केल्या. नळ गळतोय, बंद. जिन्यात दिवा नाही, बंद. वरच्या मजल्यावर कोणी तरी वरवंटा फिरवतंय, बंद.

ए विंगचे गोखले लिफ्टमध्ये अडकले होते. आतूनच त्यांनी तक्रार केलेली. त्यांना लिफ्टमध्ये मेसेज आला, "आपली तक्रार दूर झाली आहे. सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?" गोखल्यांनी घाबरून पाच चांदण्या दिल्या. म्हटलं, का हो? तर म्हणाले, "नाराज झालं आणि दारच उघडलं नाही तर?"

इकडे मेहताशेठ कंपाउंडभर मोबाइल नाचवत. "काका, देखो! वीस साल में पहली बार, झिरो कम्प्लेंट!"

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही पण असंच करत होता. फक्त तुम्हाला आठवडा लागायचा."

स्नेहल हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. मग ओळ लिहिली: हे टूल काहीही दुरुस्त करत नाही, फक्त 'बंद' असं लिहितं. ज्याने तक्रार केली त्याला विचार, तो झालं म्हणाला तरच वापर. तोवर दामूला हाक मार.

*

झडपेच्या वेळी स्नेहलच्या कंपनीचा साहेब व्हिडिओवर होता. कुठे तरी लांब एसीत बसलेला.

आमच्या सोसायटीचं गटार खाडीला मिळतं. उधाण आलं की खाडीचं पाणी उलटं आत येतं आणि पार्किंगमध्ये गुडघाभर होतं. म्हणून भरतीच्या आधी झडप बंद करायची, ओहोटी लागली की उघडायची. स्नेहलने विचारलं, "भरती कधी, ते मशीनला कसं सांगायचं?"

"तिथी बघ. चारने भाग, तीनने गुण. अष्टमी असेल तर सहा. सहा वाजता भरती. पंचमीला पावणेचार."

तिने मोबाइलवर तपासलं. थोड्या मिनिटांचा फरक निघाला. ती माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या मिठागरात हे सात वर्षांच्या पोराला यायचं.

तिने साहेबाला इंग्रजीत सगळं समजावलं. साहेबाने एक प्रश्न विचारला. स्नेहलने मला मराठीत सांगितला, "काका, ते विचारतायत, रविवारी पण चालतं का?"

"त्यांना म्हणावं, चंद्राला वीकऑफ नसतो."

*

सतरा टूल झाली. शेठच्या मिशीनंतर गेटवरही 'दामूला हाक मार' घातलं होतं. स्नेहल वाचत होती, वाचता वाचता थांबली. "काका, सगळ्यांच्या शेवटी एकच ओळ आहे. दामूला हाक मार. पण मशीन हाक मारणार कशी? तुमचंही टूल करावं लागेल."

असा मी अठरावा झालो. पंपानंतर, झडपेनंतर, कचऱ्याच्या डब्यानंतर.

"तुमच्यावर काय लिहू?"

म्हटलं, "मला काय विचारतेस? माझ्या म्हातारीला विचार. चाळीस वर्षं वापरतेय."

पोरगी खरंच खारीला घरी आली. म्हातारी बोंबील साफ करत होती. स्नेहलने विचारलं, तशी हात न धुता सांगायला लागली.

"चाय दिल्याबिगर कामाला लावू नको, मंग दिसभर कटकट करतो. एका हाकेत उठनार न्हाय. दर मिन्टाला हाक मार. 'येतो' म्हनला म्हंजी आला न्हाय, परत मार. शिव्या देल, त्या मनावर घेऊ नको, तेच परत सांग. फोन बंद करून बसतो, तवा मोठ्यानं वरड. आनी पान्यात उतरवायचा असंल तर आधी पँट वर कराया सांग. न्हायतर तसाच जातो आनी धुवाया मी हाय!"

मी दारात उभा होतो. म्हटलं, "आणखी काही राहिलं असेल तर सांग!"

"हाय ना. चांगलंबी लिव," म्हातारी म्हणाली. थोडा विचार केला. "पन काम व्हतं याच्याकडनं. तेवडं लिव."

स्नेहलने शब्द न शब्द लिहून घेतला.

*

आणि ट्रायलचा शेवटचा दिवस.

पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. उधाण. दीडला भरती. शेठनी मुद्दाम तो दिवस धरला, म्हणाले, "पाण्याच्या दिवशी पास झालं तरच पास." कमिटीचे सात जण, बी विंगचे रिकामे लोक, स्नेहल. कंपाउंडमध्ये टेबल, पावभाजीची ऑर्डर. मला एक खुर्ची दिली आणि सांगितलं, काका, तुम्ही फक्त बसायचं.

बसलो.

मशीनने गेट उघडलं, बंद केलं. अनोळखी माणसाला अडवलं, शेठना आत घेतलं, मिशी नव्हती तरी! पंप चालू केला, टाकी भरली, वेळेवर बंद केला. एकाचाच निरोप एकालाच दिला. टँकर मागवायच्या आधी विचारलं. एक चूक नाही. होईल कशी? ओळ न ओळ माझी होती!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार? सव्वीस वर्षं संपली तेव्हा माझ्या हाताला दुसरं काम नव्हतं. स्नेहल माझ्याकडे बघत नव्हती.

शेठ उभे राहिले. "तो आज से दामूकाकांना आराम!" आणि मशीनला म्हणाले, "काकांचं नाव काढून टाक."

मशीन म्हणालं, "हे नाव सतरा टूलच्या शेवटच्या ओळीत आहे. त्या जागी कोणाचं घालू?"

कमिटीच्या सात माणसांनी सात वेगळ्या दिशांना बघितलं. एकजण तर टाकीकडे बघायला लागला, जशी आजच बांधलीय!

शेठनी छाती पुढे काढली. "माझं घाल! एक फोन तो उठाना है!"

"अठराव्या टूलवरचं वर्णन तसंच ठेवू का?"

"ठेव, ठेव!"

शेठनी ते वाचलं नाही. सही करतात त्यातलं काहीच ते कधी वाचत नाहीत. स्नेहलने तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघायला लागलो.

सव्वा वाजता पावभाजी आली. त्याच वेळी मशीन झडप बंद करायला गेलं आणि झडप अडकली. गटारात कोणी तरी अख्खी उशी टाकली होती. अख्खी! अभ्र्यासकट!

शेठचा फोन वाजला. "मेहताशेठ, चहा घ्या."

"अरे, मैं खा रहा हूँ."

"आधी चहा घ्या, मग काम सांगते."

कोणी तरी शेठच्या हातात कप दिला. शेठ गोंधळून प्यायले. फोन परत. "झडप अडकली आहे. पाणी आत येत आहे. या."

"येतो, येतो."

एक मिनिट. फोन. "येतो म्हटलं म्हणजे आलात असं नाही. झडप अडकली आहे."

मग शेठनी गुजरातीत ज्या शिव्या दिल्या, त्या मी सव्वीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. मशीन शांतपणे म्हणालं, "शिव्या मिळाल्या. मनावर घेतलेल्या नाहीत. झडप अडकली आहे."

शेठनी फोन बंद केला. चुकलं त्यांचं. मशीनने कंपाउंडचा स्पीकर घेतला, पंधरा ऑगस्टला लावतात तो, आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडलं, "मेहताशेठ! पँट वर करा!"

एकशे बारा घरांच्या गॅलऱ्या भरल्या. पार्किंगमध्ये पाणी आलं होतं, शेठची नवी गाडी टायरभर बुडाली. मग शेठ उतरले. पँट वर करायला विसरले, म्हणून स्पीकरने परत आठवण केली. वरून त्यांच्या बायकोने पण केली.

मी काठावर माझी खुर्ची घेऊन बसलो. "डाव्या पायाने दाबा शेठ. डाव्या. तो उजवा."

शेठ उशीशी झटतायत, उशी हलत नाही. पाणी गुडघ्याच्या वर. शेवटी माझ्याकडे वळले. "काका, उतरा ना!"

"मला आराम आहे आजपासून. मशीनने हाक मारली पाहिजे."

शेठ स्पीकरकडे बघून किंचाळले, "माझं नाव काढ! काकांचं परत घाल!"

"बदलाआधी खात्री करते," स्पीकर म्हणाला. "दामूकाकांना परत घेऊ का?"

"हो! हो! अरे हो!"

स्पीकर खरखरला.

"तीन वेळा हो आलं. तीन दामूकाका. खरंच एवढे हवेत का?"

मांडीभर पाण्यात उभे राहून, दोन्ही हात जोडून शेठ ओरडले. खारीत म्हातारीला ऐकू गेलं म्हणते.

"नको! एकच! एक आहे तोच झेपत नाही!"